कल्याणला विद्यापीठाचं कलासंग्रहालय काढायचं झालं तर

आजच्या भागाची ही लेखी आवृत्ती. ऐकताना नावं आणि सनावळ्या निसटतात, म्हणून लिहून काढतो. बोलताना मधेच कसारा लोकल गेली, तो आवाज तेवढा इथे नाही.

विषय असा, की एखाद्या विद्यापीठाने कलासंग्रहालय बांधायचं ठरवलं आणि "ते आपल्या परिसराचं वाटलं पाहिजे" अशी अट घातली, तर नेमकं काय करायचं? मी सॉफ्टवेअरवाला. ही अट मला क्लायंटच्या "सिस्टीम जरा युजर-फ्रेंडली हवी" या अटीसारखी वाटते. मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात, प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं चित्र असतं, आणि शेवटी कंपाउंडच्या भिंतीवर वारली माणसं फेर धरून नाचायला लागतात. उड्डाणपुलाचे खांब झाले, स्टेशनच्या भिंती झाल्या, आता संग्रहालय. वारली चित्रकलेशी माझं भांडण नाही, तिच्याकडे येतोच. भांडण आहे ते परिसर म्हणजे वरून मारायचा रंग, या समजुतीशी.

म्हणून आज उदाहरणासाठी लांब जात नाही. मी राहतो शहाडला. कल्याणच्या पुढचं स्टेशन. एका बाजूला सेंच्युरी रेयॉनची कंपनी, विठ्ठलाचं बिर्ला मंदिर, पुढे उल्हास नदीचा पूल. मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र कल्याणात आहे. समजा, फक्त समजा, तिथे एक कलासंग्रहालय काढायचं आहे. तर त्याची पहिली खोली कसली असावी, हे मला पक्कं माहीत आहे. ती असावी अंबरनाथच्या साच्यांची.

आता ही काय भानगड, ते सांगतो.

अंबरनाथचं शिवमंदिर आपल्यापैकी बहुतेकांनी बघितलेलं असतं, निदान महाशिवरात्रीच्या गर्दीत तरी. शहाडपासून उल्हासनगरमधून गेलं तर दहा किलोमीटरच्या आत. शिलाहारांच्या काळातलं. आतल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. सगळं काम इथल्याच काळ्या दगडात, म्हणजे बेसॉल्टमध्ये. बाहेरच्या भिंतीवर इंचभर जागा मोकळी सोडलेली नाही, आणि गाभारा मात्र खाली, पायऱ्या उतरून जायचं. शिखराचा वरचा भाग केव्हाच कोसळलाय. शेजारून वालधुनी वाहते. ती नदी आहे हे नव्या माणसाला सांगावं लागतं.

१८६८ साली या मंदिरावर एक मोहीम आली होती. लष्करी नव्हे, चित्रकलेची. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले टेरी नावाचे शिक्षक आपले विद्यार्थी घेऊन इथे आले. त्यांनी मंदिराची मोजमापं घेऊन रेखाचित्रं काढली, फोटो काढले आणि भिंतीवरच्या शिल्पांचे साचे घेतले. साचा म्हणजे शिल्पाचा उलटा ठसा. त्यात प्लास्टर ओतलं की हुबेहूब प्रत निघते. ती मुंबईला न्या, लंडनला न्या.

लंडनचं नाव उगाच घेतलं नाही. आदल्याच वर्षी, १८६७ मध्ये, पॅरिसच्या प्रदर्शनात युरोपातल्या राजघराण्यांनी एक करार केला होता, की आपापल्या देशातल्या उत्तम कलाकृतींच्या प्रती काढून एकमेकांच्या संग्रहालयांना द्यायच्या. त्यामागे साउथ केन्सिंग्टन म्युझियमचे हेन्री कोल होते. त्याच लाटेत हिंदुस्थानातही ठिकठिकाणी तुकड्या निघाल्या. ओडिशात राजेंद्रलाल मित्र कलकत्त्याच्या कलाशाळेचे विद्यार्थी घेऊन गेले, सांचीच्या तोरणाची प्रत कोल यांच्या मुलाने काढवून घेतली, आणि मुंबई इलाख्याच्या वाट्याला आलं अंबरनाथ. आपल्या घराजवळचं अंबरनाथ!

मला या गोष्टीत दोन वेगळे धागे दिसतात. पहिला उघड आहे. साम्राज्याला आपल्या मालमत्तेची यादी हवी होती, आणि लंडनच्या कारखानदारांना नमुने हवे होते. तो भाग झाकायचं कारण नाही. संग्रहालयात फलक लावताना तो लिहिलाच पाहिजे. दुसरा धागा मात्र कामाचा आहे. एका कलाशाळेने आपल्या परिसरातली एक वास्तू निवडली, विद्यार्थ्यांना तिथे नेऊन बसवलं आणि वीतभर वीत दगड मोजायला लावला. ज्याने एका अप्सरेच्या कमरपट्ट्याचा साचा घेतला असेल, त्याला तो कमरपट्टा जन्मभर विसरता आला नसेल. विद्यापीठाच्या संग्रहालयाचं खरं काम हेच आहे असं मी म्हणतो. गावातल्या इतर संग्रहालयात वस्तू येतात आणि लोक बघतात. विद्यापीठात दर वर्षी हातात पेन्सिल असलेली नवी पोरं येतात. परिसर त्यांच्या हातून आत आला पाहिजे.

आता माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ते साचे म्हणजे बॅकअप. बेसॉल्ट कितीही कणखर म्हणा, साडेनऊशे पावसाळे खाल्ल्यावर तो झिजतोच. वर शहराची हवा आहे, नदीतली रसायनं आहेत. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये वालधुनीत कुणी तरी रासायनिक कचरा ओतला आणि उल्हासनगरमध्ये शेकडो लोकांना श्वास घेता येईना म्हणून रुग्णालयात न्यावं लागलं, ते आठवत असेल. माणसाच्या नाकाची ही गत, तर दगडाच्या नाकाचं काय होत असेल? १८६८ ची मोजणी, त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी १९३१ च्या ग्रंथात छापलेली छायाचित्रं आणि आज मोबाइलने शेकडो फोटो काढून बनवता येणारं त्रिमिती मॉडेल, ही तिन्ही शेजारी शेजारी ठेवली की कुठल्या मूर्तीची बोटं कधी गेली हे दिसेल. आम्ही कोडच्या दोन आवृत्त्यांमधला फरक बघतो, अगदी तसंच. मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे परवानगीशिवाय ट्रायपॉडसुद्धा लावता येत नाही. पण विद्यापीठाने रीतसर अर्ज करणं आणि मी एकट्याने करणं, यात फरक आहे. दर पाच वर्षांनी एक तुकडी, तीच भिंत. संग्रह आपोआप वाढत जाईल, आणि असा संग्रह जगात दुसरीकडे कुठेच नसेल.

बॅकअपवरून आणखी एक आठवलं, थोडं विषयांतर होईल. याच जे.जे.ने पुढे त्याहून मोठं काम केलं. प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ अशी जवळजवळ तेरा वर्षं विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या प्रती करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांपैकीच. प्रती गेल्या लंडनला. १८८५ मध्ये तिथे आग लागली आणि त्यातल्या पुष्कळशा जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिलने केलेल्या अजिंठ्याच्या प्रतीही १८६६ मध्ये लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. म्हणजे दोनदा तीच चूक. सगळा डेटा एका सर्व्हरवर, आणि तो सर्व्हर सातासमुद्रापार. ज्या गावातून काम निघालं त्या गावाकडे एक प्रत राहिली पाहिजे, हा नियम मी तरी संग्रहालयाच्या घटनेतच लिहीन.

आणि जे.जे.चं खरं संग्रहालय बघायचं असेल तर तिकीट काढून फलाटावर उभं राहावं. गंमत नाही. सीएसएमटीची इमारत १८७८ ते १८८८ या काळात उभी राहिली. तिच्यावरचे मोर, माकडं, पानं, वेली हे नक्षीकाम जे.जे.च्या विद्यार्थ्यांच्या हातचं. तिथून पाच-सात मिनिटं चालत गेलात की क्रॉफर्ड मार्केट. त्याच्या दारावरची शेतकरी-बाजारकऱ्यांची दगडी शिल्पं जॉन लॉकवुड किपलिंगची, ते जे.जे.त शिकवायचे. इमारत इंग्रजी थाटाची, पण पान मात्र इथल्या झाडाचं. शहाडहून रोज सीएसएमटीला जाणारी किती तरी माणसं त्या मोरांखालून धावत जातात. २०२३ मध्ये जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे धुरंधर, हळदणकर, गायतोंडे यांची ही शाळा आता कागदोपत्रीही विद्यापीठ आहे. म्हणून आपण बोलतोय तो प्रश्न हवेतला नाही. दीडशेहून जास्त वर्षांत जमलेलं काम कुणाला, कुठे, कसं दाखवायचं, हे आता तिथे ठरायचं आहे.

बरं, इमारत. इथे येतो पाऊस.

आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जुलैत हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांच्या घरात असते. कागद, कापड, कॅनव्हास यांना ६५-७० च्या वर गेलं की बुरशी धरते. जगभरातली संग्रहालयं पूर्वी ५० टक्के, फार तर पाच इकडे-तिकडे, असा हट्ट धरायची. अलीकडे बरीच मोठी संग्रहालयं ४० ते ६० पर्यंत चालवून घेतात, कारण एसीचं बिल आणि वीज दोन्ही परवडेना. पण आपल्याकडे ६० टक्के गाठायलाही जुलैत यंत्र लागतं. आणि लाइट जाते. माझा एक आर्किटेक्ट मित्र म्हणतो, की काचेची इमारत आणि सेंट्रल एसी हे डिझाइन नव्हे, ती वीजमंडळावरची श्रद्धा.

मग काय करायचं? कोकणातलं जुनं घर आठवा. अंगण, मग ओटी, पडवी, मग माजघर. बाहेरून आत जाताना ऊन, पाऊस आणि दमट वारा टप्प्याटप्प्याने गाळला जातो. पागोळ्या पडवीच्या बाहेर पडतात, माजघराच्या भिंतीला ओल शिवत नाही. म्हणून आजी लोणच्याच्या बरण्या आणि पैठणी माजघरातच ठेवायची. संग्रहालयाचा आराखडा हाच ठेवायचा. सर्वात बाहेर, ओटी-पडवीत, दगड आणि भाजलेली माती. वीरगळ, जाती, पाटे-वरवंटे, मंदिराचे सुटे दगड यांना हवेचं वावडं नाही. त्याच्या आत धातू, लाकूड. आणि अगदी माजघरात, जाड भिंतींच्या आत, कागद आणि कापड. तिथे उजेडही कमीच लागतो, जलरंगाला ५० लक्सच्या वर नको. म्हणजे माजघराचा अंधार इथे चक्क उपयोगी पडतो. यंत्र लागेलच, पण ते एका खोलीपुरतं, आणि लाइट गेली तरी ती खोली काही तास दम धरेल. असं घर असेल तर इमारत कोकणी दिसावी म्हणून वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत.

दुसरं पाणी खालून येतं. उल्हासचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे सगळ्यांना पाठ आहे. त्या दिवशी कल्याण-बदलापूर पट्ट्यात उल्हासने काय केलं ते आपल्याकडच्या घराघरांतून ऐकायला मिळतं. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुराच्या पाण्यात अडकली, हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी काढलं. पाटबंधारे खातं नदीकाठी दोन रेषा आखतं. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. संग्रहालय म्हटलं की लोक कोठार तळघरात टाकतात, कारण तळघराला भाडं येत नाही. इथे तळघर हा शब्दच आराखड्यातून काढायचा. कोठार पहिल्या मजल्यावर, लाल रेषेच्या वर. गच्चीखालीही नको, एप्रिलमध्ये तिथे भट्टी होते. तळमजल्यावर दगड. प्लास्टरचे साचे तळमजल्यावर अजिबात नाहीत, प्लास्टर पाण्यात भिजलं की संपलं. आणि मागे २६ जुलैला पाणी कुठवर आलं होतं, त्याची एक खूण दारातल्या खांबावर कोरून ठेवायची. तोही या परिसराचाच दस्तऐवज.

जगात हे कुणी केलंय का? केलंय. चीनमधल्या हांगझोला चायना अकॅडमी ऑफ आर्ट आहे. तिच्या आवारात २०१५ मध्ये केंगो कुमा या जपानी वास्तुविशारदाने लोककलेचं संग्रहालय बांधलं. जागा टेकडीच्या उतारावरची, पूर्वी चहाचा मळा. त्याने उतार सपाट केला नाही, फरशी उताराबरोबर खाली-वर होत जाते. आसपासच्या पाडलेल्या घरांची जुनी कौलं गोळा केली आणि तारांच्या जाळ्यात अडकवून भिंतींपुढे पडद्यासारखी टांगली. एक कौल दुसऱ्यासारखं नाही. ऊन त्यांतून गाळून आत येतं. त्याच संस्थेचा बाकीचा परिसर वांग शू यांनी आधीच जुन्या विटा-कौलांतून उभा केला होता. आपल्याकडे कल्याण-डोंबिवलीत रोज एखादी चाळ, एखादा वाडा पुनर्विकासाला जातोय. मंगलोरी कौलं, सागाची तुळई, बिडाचे कठडे सगळं भंगारात. विद्यापीठाने पाडकाम करणाऱ्या कंत्राटदाराशी एक साधा करार केला, तरी इमारतीचं अर्धं सामान जमेल. आणि एखादी आजी येऊन म्हणेल, "ही आमच्या चाळीची कौलं." हा माझा अंदाज नाही, इच्छा आहे.

दुसरं उदाहरण कॅनडातल्या व्हँकुव्हरचं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं मानववंशशास्त्राचं संग्रहालय, १९७६, आर्थर एरिक्सन यांचं डिझाइन. तिथल्या किनाऱ्यावरच्या आदिवासींची खांब-तुळयांची मोठी घरं त्यांनी काँक्रीटमध्ये उतरवली. मला त्याहून आवडते ती तिथली एक पद्धत. वस्तूंचं कोठार बंद न ठेवता लोकांना बघायला खुलं ठेवायचं. विद्यार्थ्याला मांडणीकारांनी निवडलेल्या चाळीस वस्तू दिसण्याऐवजी हजारो दिसतात, आणि तो आपली आपण निवडतो.

आता वारली, कबूल केल्याप्रमाणे.

२०१४ पर्यंत पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, त्यामुळे वारली कला ठाण्याची म्हणणं चूक नाही. पण तिचं मूळ रूप काय? लग्नघराची आतली भिंत शेणाने सारवायची, गेरू लावायचा आणि तांदळाच्या पिठाने सवाशिणींनी चौक लिहायचा. मधे पालघट देवी. लग्न झालं, पावसाळा गेला, चित्र पुसट झालं, पुढच्या लग्नाला नवं. ती टिकवायची गोष्टच नव्हती. कागदावर ती १९७० च्या दशकात आली आणि जिव्या सोमा मशे यांच्या हातून जगभर गेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मग संग्रहालयात वारली कशी ठेवायची? फ्रेममध्ये कागद ठेवा, हवाच. पण एक भिंत अशी ठेवा, की जी दर वर्षी सारवली जाईल आणि नव्याने लिहिली जाईल. डहाणू-जव्हारहून बायका येतील, त्यांना कलाकाराचं मानधन मिळेल, विद्यार्थी हाताखाली काम करतील, आणि शेजारच्या वहीत तारीख आणि लिहिणारीचं नाव. फोटो राहतील, भिंत पुसली जाईल. शांतिनिकेतनात कलाभवनाची काळो बाडी आहे, १९३० च्या दशकातली मातीची इमारत. भिंतींवर विद्यार्थ्यांनी उठावाची शिल्पं केली आणि पावसापासून वाचावी म्हणून त्यांना डांबराचा हात दिला, त्यानेच ती काळी झाली. दुरुस्ती हाच तिथल्या कलेचा भाग. आपल्या कंपाउंडवरच्या अ‍ॅक्रिलिकच्या वारलीला हे जमत नाही. तिच्याखाली नावही नसतं. असलं तर रंगाच्या कंपनीचं.

माझ्या यादीत अजून पुष्कळ आहे, थोडक्यात सांगतो. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी आहेत, तिथल्या शिलालेखांत गावाचं नाव कोरलेलं आहे. त्या लेखांचे ठसे हवेत. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली ती कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत, आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. एक आख्खी बराक आत आणून उभी करता येईल. त्याच उल्हासनगरची जीन्स, जिच्यावरच्या "मेड इन यूएसए" चा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा सांगतात. तो विनोदही संग्रहात घ्यावा, लेबलासकट! शहाडला लाकडाच्या लगद्यापासून चमकदार रेयॉनचा धागा निघतो. वस्त्रकलेच्या विद्यार्थ्याला पैठणीइतकाच तोही अभ्यासायला हवा. यावर काही जण नाक मुरडतील, की ही काय कला. अंबरनाथच्या पाथरवटालाही कुणी कलाकार म्हणत नव्हतं. तो कारागीर होता, मजुरी घ्यायचा.

शेवटचा मुद्दा दाराचा, म्हणजे वेळेचा. आपल्या भागातला माणूस सकाळी सातची गाडी पकडतो आणि रात्री आठ-साडेआठला उतरतो. अकरा ते पाच उघडं, सोमवारी बंद, अशी पाटी लावली तर ते संग्रहालय कल्याणमध्ये असूनही कल्याणचं नसेल. आठवड्यातून दोन दिवस रात्री नऊपर्यंत उघडं ठेवा. रविवारी सकाळी मुलांना दगडावरचा ठसा कागदावर घ्यायला शिकवा. कागद, शिसं आणि बेसॉल्टचा एक तुकडा, एवढंच सामान लागतं. फलक मराठीत, हिंदीत आणि सिंधीतही. तिकीट वडापावपेक्षा महाग नको.

तोवर एक करा. अंबरनाथला गर्दी नसलेल्या दिवशी, सकाळी लवकर जा. कोवळं ऊन भिंतीवर तिरपं पडतं तेव्हा झिजलेल्या रेषाही उठून दिसतात. दुपारी त्याच सपाट वाटतात. मंदिराला प्रदक्षिणा घालताना एकच मूर्ती निवडा आणि पंधरा मिनिटं बसून वहीत काढा. फोटो नको. चित्र कसंही आलं तरी पाठवा, खाली तारीख घाला. पुढच्या भागात आपण लोकलच्या इंडिकेटरवरच्या मराठी अक्षरांबद्दल बोलणार आहोत.